प्रवरपूर कुठे लिहायचं?

पार्श्वभूमी

विदर्भातल्या एका महाविद्यालयात इतिहास विभागाला लागून एक छोटं दालन आहे. वर्गखोलीएवढंच. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी नांगरताना सापडलेल्या म्हणून आणून दिलेल्या मोठ्या विटा, खापरं, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, ताम्रपटांच्या प्रतिकृती आणि भिंतीवर पाट्या. महाविद्यालयाचं नाव देत नाही, माणसंही नावानिशी येणार नाहीत. मला २०२१ मध्ये पाट्यांचा मजकूर तपासायला बोलावलं होतं, तेवढाच माझा संबंध.

त्या पावसाळ्यात छत गळलं आणि तिसऱ्या ते पाचव्या शतकात विदर्भावर राज्य केलेल्या वाकाटक घराण्याची पाटी फुगली. कुणा पेंटरने तैलरंगात सुरेख अक्षरात लिहिलेली जुनी पाटी होती ती: ‘दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर, म्हणजेच आजचे पवनार, जि. वर्धा.’ विभागप्रमुख मॅडमनी फ्लेक्सवाल्याला तोच मजकूर पाठवला. विभागातले एक तरुण सर रामटेकजवळच्या नागरधनच्या उत्खननावर काही दिवस काम करून आले होते. त्यांनी फ्लेक्सवाल्याला फोन करून छपाई थांबवली. तिथून प्रकरण सुरू झालं.

अडचण

तरुण सरांचं म्हणणं सरळ होतं. प्रवरपूर पवनारला नव्हे, मनसरला होतं हे आता बहुतेक अभ्यासक मानतात. चुकीची पाटी पुन्हा का छापायची? दालनासाठी वर्षानुवर्षं वस्तू गोळा करणारे एक निवृत्त गुरुजी मूळचे पवनारच्या बाजूचे. ते म्हणाले, “काहून जी, आमची राजधानी एका फ्लेक्सवर काढून घेता काय?” सगळे हसले, पण गुरुजी हसत नव्हते.

दोन्ही जागांमध्ये रस्त्याने शंभर किलोमीटरच्या वर अंतर आहे. पवनार नागपूरच्या दक्षिणेला धाम नदीवर, मनसर उत्तरेला रामटेकजवळ जबलपूर रस्त्यावर. म्हणजे ‘याच परिसरात कुठेतरी’ असं लिहून सुटका नव्हती.

आणखी एक गुंता होता. मनसरचं नाव घेतलं की तिथले अवशेष शैव की बौद्ध हा प्रश्न लगेच येतो, आणि दालनात दोन्ही बाजूंचे लोक येतात. मॅडमना राजधानीपेक्षा त्याचीच धास्ती जास्त होती.

मजकूर ठरवायच्या आधी एक काम करावं, असं मी सुचवलं. प्रवरपूर कुठे होतं हे बाजूला ठेवू. ते कुठे होतं असं कुणी, कधी आणि कशावरून म्हटलं, हे आधी मांडू.

कशावरून कोण काय म्हणालं

इथे जरा थांबतो, कारण सगळं प्रकरण या मांडणीवरच फिरलं.

स्वातंत्र्यापूर्वी विदर्भातले वाकाटक म्हणजे मुख्यतः ताम्रपट. कुणाच्या शेतात, कुणाच्या घरात पत्रे सापडायचे आणि ते वाचून वंशावळ लावली जायची. १९३९ मध्ये वाशीमला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट मिळाला आणि वाकाटकांच्या वत्सगुल्म, म्हणजे वाशीमच्या शाखेचं चित्र एकाएकी स्पष्ट झालं. मनसरच्या अवशेषांवर टी. ए. वेलस्टेड यांनी १९३३ मध्ये लिहिलं होतं, पण तिथे शास्त्रीय खोदकाम व्हायला पुढे साठ वर्षं लागली.

ताम्रपटांवरून एवढं दिसतं की प्रवरसेन दुसरा आधी नंदिवर्धन या जुन्या राजधानीहून दानपत्रं देत होता. राज्यवर्ष ११ च्या बेलोरा ताम्रपटात नंदिवर्धन आहे, १८ व्या वर्षाच्या चम्मक ताम्रपटात प्रवरपूर. मधल्या काळात बस्तान हललं. पण ताम्रपट दान मिळालेल्याच्या घरी जातो, राजधानीत राहत नाही. त्यामुळे तो सापडलेल्या जागेवरून राजधानीचा पत्ता लागत नाही.

हा पत्ता जुने लेख वाचणारे संशोधक वा. वि. मिराशी यांनी पवनारला लावला. त्यांच्यापुढे जो पुरावा होता त्यावर तो अंदाज वाईट नव्हता. विनोबा १९३८ मध्ये पवनारला राहायला आले. तिथल्या परंधाम आश्रमात जमीन खणताना मूर्ती निघू लागल्या. भरत-रामाच्या भेटीचं शिल्प त्यांतलंच. रामायणातले प्रसंग असलेली शिल्पं, म्हणजे इथे रामाचं देऊळ असणार. आणि प्रवरसेन दुसरा म्हणजे रामाने सेतू बांधल्याच्या कथेवर प्राकृत काव्य रचणारा राजा. नाव जुळतं, भक्ती जुळते, शिल्पं जुळतात. १९६३ मध्ये मिराशींचा वाकाटक लेखांचा संग्रह प्रसिद्ध झाला आणि ‘प्रवरपूर म्हणजे पवनार’ पाठ्यपुस्तकापर्यंत पोचलं. आमची तैलरंगातली पाटी त्याच वाटेने आली होती.

१९६७ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी पवनारला उत्खनन केलं. वस्ती जुनी आहे, थर लांबपर्यंत जातात हे कळलं. राजवाडा किंवा मोठं देऊळ म्हणावं असं काही मिळालं नाही. त्या वेळी याने कुणाला फारसा धक्का बसला नाही. गाव आजही नांदतं आहे, आणि नांदत्या गावात चर घ्यायचा तो मोकळी जागा मिळेल तिथे. ‘सापडलं नाही’ याचा अर्थ ‘नव्हतं’ असा होत नाही. पण ‘होतं’ असाही होत नाही, हे मात्र पुढे बराच काळ कुणी फारसं बोललं नाही.

त्या काळात विदर्भातल्या उत्खननांचा ओढा दुसरीकडे होता. टाकळघाट-खापा १९६८-६९, पौनी १९६९-७०, मग माहुरझरी, नैकुंड. शिळावर्तुळं, लोखंड, स्तूप, सातवाहन. यात चूक काही नाही; तो इतिहास तेव्हाच उजेडात आला. पण पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात उतरताना वरचे थर आधी लागतात, आणि खाली काय आहे याची घाई असली की वरच्यांना अहवालात दोन-चार पानं मिळतात. वाकाटकांची खापरं ठळकपणे ओळखावीत अशी नाहीत. त्यांची नाणी होती का, यावरही बराच काळ वाद होता. उत्तरेकडची काळी चकाकती खापरं जशी एका नजरेत काळ सांगतात, तसं इथे काही नव्हतं.

१९७५ ते १९७७ मध्ये अजय मित्र शास्त्रींच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठाने कुही तालुक्यात मांढळला खोदलं. भोला हुडकी, बोंगी हुडकी अशा नावांची तिथली टेकाडं. विटांच्या देवळांचे पाये, चमत्कारिक बहुमुखी शैव मूर्ती, ताम्रपट. वाकाटकांची कला म्हणजे फक्त अजिंठा, ही समजूत इथे मोडली असं मला वाटतं, पण हे फार कमी लोकांना माहीत आहे. आमच्या दालनातही मांढळचं एकच फिकट छायाचित्र होतं, तेही उलटं टांगलेलं.

मग १९९० च्या दशकाअखेर मनसर. हिडिंबा टेकडी. बोधिसत्त्व नागार्जुनाच्या नावाने चालणाऱ्या बौद्ध संस्थेने पुढाकार घेतला आणि जगत्पती जोशी व अ. कु. शर्मा यांच्या देखरेखीखाली काही वर्षं मोठं खोदकाम झालं. टेकडीवर विटांचं भव्य मंदिर, खाली राजवाड्यासारखं संकुल, एका कोठडीत चुन्याची माणसाची आकृती आणि ‘प्रवरेश्वरस्य’ असं पेटिकाशीर्ष (अक्षरांच्या माथ्यावर पेटीसारखे चौकोन असलेल्या) ब्राह्मीत लिहिलेला मातीचा मुद्राठसा. प्रवरेश्वर म्हणजे प्रवरसेनाने आपल्या नावाने स्थापलेला शिव. २००८ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मनसरवर चर्चासत्र झालं. डच अभ्यासक हान्स बाकर यांनी प्रवरेश्वर आणि प्रवरपूर दोन्ही मनसरला असल्याचं मांडलं.

शेवटी नागरधन. २०१५ ते २०१८ या काळात राज्याचं पुरातत्त्व खातं आणि डेक्कन कॉलेज यांनी मिळून केलेलं उत्खनन. इथे मिळालेला प्रवरसेनाची आई, वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या नावाचा, शंखाचं चिन्ह असलेला मातीचा ठसा २०२० मध्ये बातम्यांत आला. वजन साडेसहा ग्रॅमच्या आत. मुलांना मी सांगतो, तुमच्या खिशातल्या नाण्याएवढा. नंदिवर्धन म्हणजे नागरधन हे आधीही म्हटलं जात होतं, आता त्याला वजन आलं.

हे सगळं फळ्यावर खडूने लिहिल्यावर तरुण सर जे म्हणाले ते मला आधी सुचलं नव्हतं. “सर, जिथं खणायला मिळालं, तिथं राजधानी सापडली.” पवनारला आश्रमाने शेत खणलं. मनसरला एका संस्थेकडे श्रद्धा, चिकाटी आणि पैसा होता. नागरधनला सरकारी खातं आणि विद्यापीठ एकत्र आले. विदर्भात रिठी (उजाड गावांच्या जागा), पांढरी शेकडो आहेत. बाकीच्यांना अजून कुणी हातच लावलेला नाही.

समोरचे पर्याय

पहिला: जुनाच मजकूर. गुरुजींचा मान राहतो, खर्च नाही. पण नागरधनच्या थरात हात घातलेला माणूस त्याच विभागात असताना हे करणं म्हणजे त्याला रोज त्या पाटीखालून जायला लावणं.

दुसरा: पवनार पुसून मनसर. तरुण सरांना सुरुवातीला हेच हवं होतं. माझा आक्षेप मनसरला नव्हता, मलाही तोच पुरावा जड वाटतो. आक्षेप असा की आपण एक तैलरंगातलं ठाम वाक्य काढून त्या जागी फ्लेक्सवरचं ठाम वाक्य लावणार. वीस वर्षांनी पुन्हा छत गळलं की पुन्हा हेच.

तिसरा: ‘प्रवरपूरच्या स्थाननिश्चितीबाबत विद्वानांत मतभेद आहेत.’ मॅडमना हे आवडलं. माझ्या मते हा सर्वांत वाईट पर्याय होता. हे वाक्य कुठल्याही पाटीवर कुठल्याही विषयाला चालतं आणि वाचणाऱ्याला काहीच देत नाही. दोन्ही पुरावे एका तराजूत सारखे आहेत असा खोटा समजही करून देतं.

चौथा: पाटीवर निष्कर्षाऐवजी शोधाचा क्रम. सन, जागा, काय मिळालं, त्यावरून काय म्हटलं गेलं.

निर्णय कुठे अडला

चौथा पर्याय मान्य झाला, तरी तीन ठिकाणी गाडी अडली.

पहिली अडचण मुद्राठशाची. तरुण सरांचा कच्चा मजकूर होता: ‘प्रवरेश्वराची मुद्रा सापडल्याने प्रवरपूर सिद्ध झाले.’ मी विचारलं, ही मुद्रा आहे की मुद्रेचा ठसा? फरक मोठा आहे. मुद्रा ठसा उठवणाऱ्याकडे राहते. ठसा मात्र पत्रावर, थैलीवर, गाठीवर बसून प्रवासाला निघतो आणि जिथे ती गाठ उघडली जाते तिथे पडतो. टपालाचा शिक्का मुंबईचा असला तरी पाकीट नागपुरात सापडतं, तसंच. म्हणजे एकट्या ठशावरून जागा ठरत नाही. नागरधनलाही हेच लागू. पण मनसरला ठशासोबत देऊळ आहे, राजवाड्यासारखी वास्तू आहे, शेजारी रामगिरी (रामटेकची टेकडी) आणि नंदिवर्धन आहे. हे सगळं मिळून पारडं झुकतं. सरांनी ‘सिद्ध झाले’ खोडून ‘बळकट झाले’ लिहिलं. यावर एक तास गेला आणि तो तास वाया गेला असं मला वाटत नाही.

दुसरी अडचण शैव-बौद्ध वादाची. मॅडमना तो उल्लेखच नको होता. पण मनसरचं खोदकाम बौद्ध संस्थेच्या पुढाकाराने झालं हे गाळलं, तर ते मुळात कशामुळे झालं हे कळत नाही. शेवटी तीन वाक्यं ठेवली: खोदकाम कुणाच्या पुढाकाराने झालं, वाकाटककालीन मुख्य मंदिर शिवाचं आहे, काही वास्तूंच्या धर्माबद्दल आणि काळाबद्दल एकमत नाही. क्रम मुद्दाम तसाच. आधी आभार, मग वाद.

तिसरी अडचण मथळ्याची, आणि ती मी अंगावर ओढून घेतली. जुन्या पाटीवर ‘प्राचीन विदर्भाचे सुवर्णयुग’ होतं. आता वाकाटकांना पूर्व-मध्ययुगाच्या उंबरठ्यावर ठेवण्याची पद्धत रुळली आहे. इतिहासकार राम शरण शर्मा यांच्या १९८७ च्या मांडणीनंतर शहरांचा ऱ्हास आणि जमिनींची दानपत्रं हा चर्चेचा मोठा धागा झाला. त्यात चम्मकचा ताम्रपट हटकून येतो: एक हजार ब्राह्मणांना आठ हजार ‘भूमी’ (जमिनीचं तेव्हाचं माप), आणि अट अशी की त्यांनी राजद्रोह करू नये, चोरी करू नये, राजाला विष घालू नये, दुसऱ्या गावांशी लढाई करू नये. विद्यार्थ्यांना ही अट वाचून दाखवली की वर्ग जागा होतो. दान देतानाही राजाला एवढी धाकधूक का असावी? सुवर्णयुग म्हटलं की हा प्रश्नच मिटतो, आणि पूर्व-मध्ययुग म्हटलं की आठवीतल्या पोराला काहीच कळत नाही. म्हणून मथळ्यात युगच ठेवलं नाही. ‘वाकाटक: इ. स. तिसरं ते पाचवं शतक.’ बस्स.

काय केलं

पाटी तीन तुकड्यांत केली: पवनार, मनसर, नागरधन. प्रत्येकीवर वर्षं वरून खाली, जुनं खाली आणि नवं वर, थरांसारखं. ही कल्पना एका विद्यार्थिनीची. फ्लेक्सऐवजी सनबोर्डच्या सुट्या पट्ट्या स्क्रूने बसवल्या, म्हणजे एखादी ओळ बदलली तर पूर्ण पाटी फेकावी लागणार नाही. पवनारच्या तुकड्यात १९६७ च्या उत्खननाची ओळ गुरुजींनी स्वतः लिहून दिली: ‘वस्तीचे थर मिळाले; राजवाडा मिळाला नाही.’ त्यांनी ती कशी लिहिली असेल ते त्यांनाच ठाऊक. मांढळचं छायाचित्र सुलटं केलं.

जुनी तैलरंगाची पाटी टाकली नाही. दाराच्या आतल्या बाजूला लावली आणि खाली लिहिलं, ‘ही पाटी दालनात बरीच वर्षे होती.’

काय झालं

पहिल्या सहा महिन्यांत मी दोनदा जाऊन लांबून पाहिलं. बहुतेक लोक तिन्ही पाट्या वाचत नाहीत. तुकड्यांसमोर उभे राहतात, सगळ्यांत वरची ओळ वाचतात आणि पुढे जातात. वरची ओळ म्हणजे सर्वांत नवी, आणि प्रवरपूरबद्दल सर्वांत नवं म्हणजे मनसर; तेच त्यांच्या डोक्यात पक्कं बसतं. आम्ही जे टाळायला इतकं केलं, ते अर्ध्या लोकांच्या बाबतीत होतंच आहे.

शाळेच्या सहली मात्र वेगळ्या वागतात. मुलं खालून वर वाचतात, मग भांडतात. एका मुलाने विचारलं, “मग खरं काय?” तरुण सरांनी त्याला ठशाची गोष्ट सांगितली. तेव्हापासून तीच गोष्ट दालनात सर्वांत जास्त सांगितली जाते.

तक्रार एकच आली, लेखी. बौद्ध अवशेषांना दुय्यम ठेवलं आहे. मॅडमनी घाबरून ती तीन वाक्यं काढायला सांगितली. आम्ही काढली नाहीत. तक्रारदाराला बोलावून मजकूर पुन्हा वाचला, आणि त्याच्या सांगण्यावरून एक भर घातली: रामटेकच्या परिसरातल्या नागार्जुनाच्या परंपरेचा उल्लेख, ‘परंपरा’ या शब्दासह. त्याचं पूर्ण समाधान झालं नाही. पण तो नंतर दोनदा मुलांना घेऊन आला.

वेगळं काय करता आलं असतं

गुरुजींना आधी भेटायला हवं होतं. आम्ही त्यांना मसुदा दाखवला तो ठरल्यानंतर, आणि त्यांना ते जाणवलं. पवनारची ओळ त्यांनी लिहिली हे छान वाटतं, पण तोवर त्यांच्यापुढे दुसरा मार्ग उरला नव्हता, हेही खरं.

नवीन वर, जुनं खाली ही मांडणी थरांसाठी बरोबर आहे, वाचणाऱ्यांसाठी नाही. आज मी पवनार वर ठेवलं असतं, किंवा आडवं मांडलं असतं.

सर्वांत मोठी चूक मात्र पाटीत नव्हती, भिंतीवर होती. वाकाटकांनंतर आमच्या दालनात थेट यादव येतात. मधली सहा-सातशे वर्षं रिकामी भिंत. खरं तर विदर्भाचं पूर्व-मध्ययुग म्हणावं ते तेच. भांदकला राष्ट्रकूट पहिला कृष्ण याचा शके ६९४ चा ताम्रपट आहे, देवळीला तिसऱ्या कृष्णाचा शके ८६२ चा. देवळी आणि पवनार एकाच वर्धा जिल्ह्यात. पण ताम्रपट आहेत आणि त्यांच्या आजूबाजूची गावं कशी होती हे सांगणारं उत्खनन जवळजवळ नाही. आम्ही एका राजधानीच्या पत्त्यावर दोन महिने घालवले आणि या भिंतीकडे कुणी बघितलं नाही. मीही नाही.

गेल्या दिवाळीनंतर तरुण सरांनी त्या जागी एक रिकामी पट्टी बसवली आहे. वर फक्त दोन ओळी: ‘भांदक, शके ६९४. देवळी, शके ८६२.’ खाली स्क्रूची सहा भोकं मोकळी आहेत.